उमेदवारीची खोली : मुंबईतले छोटे क्लब आणि नवे स्वतंत्र गाणे

१

'उमेदवारी' हा शब्द निवडणुकीने पळवला. त्यापूर्वी तो शिकाऊपणाचा शब्द होता. नवा वकील जुन्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करी, छापखान्यात पोरगा खिळे जुळवत उमेदवारी करी, नाटक कंपनीत होतकरू नट पडदे ओढता ओढता उमेदवारी करी. त्या शब्दात उमेद होती आणि काम अजून हातात पुरते बसलेले नाही याची जाणीवही होती. शिवाय कुणाच्या तरी नजरेखाली काम करायचे, हे त्यात गृहीत होते.

गाणाऱ्याची उमेदवारी कुठे होते, याचे उत्तर आपल्याकडे पूर्वी सोपे होते. गुरूच्या घरी, नाटक कंपनीत, कीर्तनकाराच्या मागे झांजा धरून, पुढे पुढे ऑर्केस्ट्रात किंवा आकाशवाणीवर. पण जो मुलगा किंवा मुलगी स्वतःच शब्द लिहिते, स्वतःच चाल बांधते, स्वतःच गाते, आणि ज्या गाण्यामागे चित्रपट नाही, मालिका नाही, घराणे नाही, त्यांनी उमेदवारी करायची कुठे? गेली काही वर्षे मुंबईत आणि अधूनमधून पुण्यात अशा गाणाऱ्यांना मी ऐकत आलो आहे. त्या ऐकण्यातून हा लेख आला.

आधी व्याख्या. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चे लघुरूप. इंग्लंड-अमेरिकेत या शब्दाचा अर्थ बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र, असा रूढ झाला. आपल्याकडे तो अर्थ सरकला. आपल्याकडचे स्वातंत्र्य हे मुख्यतः चित्रपटापासूनचे आहे. कंपनीशी करार झाला तरी आपण त्या गायकाला इंडी म्हणत राहतो. चित्रपटात गाऊ लागला की मात्र तो 'तिकडे गेला' असे म्हणतो. छोटा क्लब म्हणजे इथे मी अशी खोली धरतो, जिथे शंभर ते तीनशे माणसे मावतात, बहुतेक उभी असतात, आणि मंच इतका ठेंगणा असतो की गिटारवाल्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसते.

माझे म्हणणे असे, की ही खोली करमणुकीच्या जागेहून अधिक काहीतरी आहे. ती उमेदवारीची संस्था आहे. बैठकीने आपल्या संगीतासाठी जी कामे केली, त्यांतली काही ती करते, काही मुळीच करत नाही. आणि मराठी समीक्षेने तिच्याकडे जी पाठ फिरवली आहे, तिच्यात गाणाऱ्यांपेक्षा आपले नुकसान अधिक आहे.

२

या खोलीचा वंश पाहायचा तर मुंबईतल्या दोन वेगळ्या वस्त्यांत जावे लागते.

एक गिरगाव. ट्रिनिटी क्लब, लक्ष्मी बाग, प्रा. बी. आर. देवधरांचा संगीतविद्यालयाचा वर्ग, ही नावे जुन्या रसिकांना सांगायला नकोत. तेजस्विनी निरंजना यांनी 'म्युझिकोफिलिया इन मुंबई' (२०२०) या ग्रंथात या जागांचा मागोवा घेतला आहे. हिंदुस्थानी संगीत दरबारातून शहरात आले ते या मध्यम आकाराच्या खोल्यांतून. १९३६ साली कुमार गंधर्व मुंबईत आले ते देवधरांकडेच शिकायला राहिले. त्या वर्गात येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांचे गाणे हातभर अंतरावरून कानांवर पडणे, हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग होता.

दुसरी वस्ती फोर्ट आणि चर्चगेटची. १९३०-४०च्या दशकांत ताजच्या नृत्यगृहात आणि पुढे चर्चगेटच्या उपाहारगृहांत जॅझ वाजत असे. वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'मध्ये (२०१२) हा इतिहास सविस्तर आला आहे. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक त्यांतलाच. तो सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात आला आणि १९५१च्या 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावरही दिसला. म्हणजे ज्या चालींवर आपले आईवडील नाचले किंवा निदान टेबलावर बोटे वाजवली, त्यांच्या वाजवणाऱ्यांची उमेदवारी या खोल्यांत झाली होती. चित्रपटसंगीताने क्लबचे हात घेतले. क्लबचे नाव मात्र श्रेयनामावलीत आले नाही.

पुढचा टप्पा मोकळ्या आकाशाखालचा. धोबी तलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. निरंजन झवेरी यांनी सुरू केलेली 'जॅझ यात्रा' १९७८ साली तिथे भरली. १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' या महोत्सवाशी रंगभवनाचे नाव जोडले गेले. त्या काळचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवून दाखवत. हुबेहूबपणा हीच कसोटी होती. १९८४ साली सुरू झालेल्या 'रॉक मशीन'ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची ध्वनिफीत काढली आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असे नाव घेतले. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यांतली नावे आपल्या कानांना परकी नाहीत. या नामांतराकडे मी एक कागदपत्र म्हणून पाहतो. 'यंत्र' गेले आणि 'सिंधू' आली, म्हणजे आपण कुठले, हा प्रश्न त्या मुलांना पडू लागला होता.

मग कायदा आला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आली. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय आहे आणि रुग्णालयही. तिथला आवाज थांबला. नियम योग्य होता, हे मी मान्य करतो. आजारी माणसाच्या झोपेपुढे गिटारचा हक्क मोठा नाही. पण त्याच नियमांत बंद सभागृहांना मोकळीक होती. त्यामुळे नवे संगीत आकाशाखालून छताखाली गेले. जुहूचे 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस', आणि २००७च्या अखेरीपासून २०१६ पर्यंत लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातले 'ब्लू फ्रॉग' ही या छताखालच्या काळातली ठळक ठिकाणे. पुण्यात २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला, पण महोत्सवात जाण्याजोगे होण्याआधी बँडला खोलीच लागते.

लोअर परळ म्हटले की मराठी वाचक थबकतो, आणि थबकलेच पाहिजे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक निघाले, ते याच गिरणगावात गायले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम आणि २००१ मधली त्याची दुरुस्ती यांनी गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, ते आपण पाहिले. 'शाहीर गेले आणि गिटारवाले आले' हे वाक्य टाळ्या घेते, पण ते बरोबर नाही. शाहिरांना गिटारवाल्यांनी हुसकलेले नाही. दोघांच्या मध्ये एक संप, एक नियमावली आणि जमिनीचा भाव उभा आहे. आणि त्या भावाने पुढे गिटारवाल्यांनाही हुसकले. ब्लू फ्रॉगही अखेर तिथे राहिले नाही. २९ डिसेंबर २०१७च्या रात्री शेजारच्या कमला मिल आवारातल्या आगीत चौदा माणसे गेली, तेव्हा या आवारांतल्या चकचकीत छतांखाली काय दडलेले असते, तेही कळले.

३

आता खोलीत काय घडते ते सांगतो. मी पुढे ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांची नावे देत नाही. उमेदवारी करणाऱ्याला एका रात्रीवरून छापील निकाल देऊ नये, असे माझे मत आहे. शिवाय यांतली दोन नावे पुढच्या वर्षी बदललेली असतील.

पहिली संध्याकाळ वांद्र्याच्या बाजूची. एकटा गायक, हातात गिटार, हिंदी शब्द. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बारमागचे मिक्सर घरघरले. मला वाटले, हा आता आवाज चढवील. त्याने उलटे केले. तो मायक्रोफोनच्या आणखी जवळ गेला आणि इतके हळू गाऊ लागला की पुढच्या रांगेने बोलणे थांबवले, मग तिच्या मागच्या रांगेने. अर्ध्या मिनिटात खोली त्याच्या आवाजाच्या पातळीवर उतरली. मिक्सर चालूच होते, पण त्याची आता कुणाला तरी लाज वाटत होती. हे कसब ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिकता येत नाही. तिथे मिक्सर नसते.

त्याच गायकाचा दोष लिहायला हवा. त्याची सात गाणी एकाच गतीची होती आणि सातही गाण्यांत तो कुठून तरी निघालेला किंवा कुणाला तरी सोडून आलेला होता. कुजबुजता, श्वासमिश्रित आवाज हे सध्याच्या एकट्या गायकांचे सामाईक वळण झाले आहे. पहिल्या गाण्यात ते जवळिकीचे वाटते, चौथ्यात सवयीचे, सातव्यात आपण घड्याळ पाहतो. ध्वनिमुद्रित स्वरूपात आपण एकेक गाणे सुटे ऐकतो, म्हणून ही उणीव झाकली जाते. चाळीस मिनिटांच्या सलग बैठकीत ती उघडी पडते, आणि गायकालाही ती समोरच्या चेहऱ्यांवर दिसते. आठ महिन्यांनी मी त्याला पुन्हा ऐकले, तेव्हा एक गाणे सहा मात्रांच्या झोकदार चालीत आले होते आणि एक लांबलचक आरंभ कापला गेला होता.

दुसरी संध्याकाळ लोअर परळची. चौघांचा बँड, सात मात्रांचे एक गाणे. आपल्याकडे रूपकाची सवय असल्याने सात मात्रा आपल्याला अवघड वाटत नाहीत, पण त्यांनी ते गाणे ३-२-२ असे न तोडता २-२-३ असे तोडले होते, त्यामुळे सम सारखी हातातून निसटत होती. ड्रमवाल्याचा एका जागी तोल गेला. बासवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिले, दोन आवर्तने फक्त पहिली मात्रा धरून ठेवली, आणि ड्रमवाला परत आला. या दोन आवर्तनांत मला त्या बँडविषयी जे कळले, ते त्यांची सगळी ध्वनिमुद्रणे ऐकून कळले नसते. तबलजीला सांभाळून घेणारा गवई आणि गवयाला सांभाळून घेणारा पेटीवाला आपण पाहिलेले आहेत. हे त्याच जातीचे सौजन्य होते.

तिसरी संध्याकाळ पुण्याची. एक मुलगी, तिचा आवाज आणि पायाजवळ लूपचे यंत्र. ती एक ओळ गाते, यंत्र ती पकडते आणि फिरवत राहते. तिच्यावर ती दुसरी ओळ चढवते, मग चुटक्या, मग तिसरा सूर. पाहताना विलंबित ख्यालाच्या बढतीची आठवण होते, कारण इमारत आपल्या डोळ्यांदेखत उभी राहते. पण साम्य तिथेच संपते. बढतीत गवई तीच बंदिश पुन्हा घेतो तेव्हा ती तशीच परत येत नाही. यंत्र मात्र अक्षरशः तेच परत आणते. त्यामुळे या गाण्याला भर घालता येते, वजा करणे जड जाते. तिच्या बहुतेक गाण्यांचा नकाशा एकच होता : रिकामे, भरलेले, गच्च, बंद. ज्या एका गाण्यात तिने मध्येच यंत्र थांबवले आणि शेवटचे कडवे एकटीने, कसल्याही आधाराशिवाय गायले, त्या गाण्यात माझ्या अंगावर काटा आला. यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते बंद कधी करायचे, हे तिला कळू लागले आहे, एवढीच नोंद मी केली.

या तिन्ही संध्याकाळींत सामाईक गोष्ट अशी, की समोरच्या बहुतेकांना त्या गाण्यांतले एकही आधी माहीत नव्हते. ही परिस्थिती आपल्या संगीतजीवनात किती दुर्मिळ आहे, याचा विचार करा. ख्यालात आविष्कार नवा, पण राग ओळखीचा. नाट्यसंगीताला 'वन्स मोअर' मिळतो तो ओळखीमुळे. ऑर्केस्ट्रा तर फर्माइशीवर चालतो. क्लबमधल्या अनोळखी गाण्याला स्वतःची ओळख चार मिनिटांत स्वतःच करून द्यावी लागते. ध्रुवपद तीनदा का येते, याचे व्यावहारिक उत्तर मला तिथे मिळाले : पहिल्यांदा ते कळावे म्हणून, दुसऱ्यांदा आठवावे म्हणून, तिसऱ्यांदा खोलीने बरोबर गावे म्हणून. तिसऱ्या वेळी खोली गप्प राहिली, तर गाण्यात काहीतरी राहिले आहे, हे गाणाऱ्याला त्याच रात्री समजते.

४

या खोलीचा खर्च गाण्यातून निघत नाही, ग्लासातून निघतो. दारावर प्रवेशशुल्क असते, पण पुष्कळदा ते आतल्या खाण्यापिण्यात वळते करून मिळते. वाजवणाऱ्यांना ठरावीक बिदागी किंवा दारावरच्या पैशांतला वाटा. शनिवारी रात्री डीजे किंवा नामांकित मंडळी, कारण त्या रात्री खुर्ची रिकामी ठेवणे परवडत नाही. उमेदवारांच्या वाट्याला मंगळवार ते गुरुवार. एकाच रात्री तीन बँड, प्रत्येकाला पाऊण तास, मध्ये तारा गुंडाळण्याची धावपळ. सूर जुळवायला वेळ मागणाऱ्या संगीताला या वेळापत्रकात जागा नाही. म्हणजे या संगीताचा आकार काही प्रमाणात बारच्या हिशेबाने ठरवला आहे.

तो हिशेब श्रोतेही ठरवतो. महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची अट २५ आहे, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. त्यामुळे अनेक जागी दारावरच २१ची पाटी असते. या गाण्यांचा नैसर्गिक श्रोता सतरा-अठरा वर्षांचा आहे आणि तो बाहेर उभा आहे. दुसरी चाळणी लोकलची. मुख्य बँड साडेदहाला सुरू होतो. डोंबिवलीचा, नालासोपाऱ्याचा मुलगा शेवटच्या दोन गाण्यांआधी पाठीवर पिशवी टाकून स्टेशनकडे निघतो. खोलीत उरतात ते ज्यांच्याकडे गाडी आहे किंवा ज्यांचे घर जवळ आहे. शेवटी जी टाळी पडते, ती या उरलेल्यांची असते, आणि बँड कुणासाठी लिहायचे, ते त्या टाळीवरून शिकतो.

गिरगावच्या बैठकीत सगळे समान होते, असा भ्रम मात्र नको. तिथेही वर्गणी होती, यजमान होते, पुढे कोण बसणार हे ठरलेले होते. गाणाऱ्या पुष्कळ स्त्रिया कलावंत समाजातल्या आणि ऐकणारे पुष्कळसे पांढरपेशे पुरुष, ही विभागणी तिथे होती. प्रत्येक खोलीला दार असते, आणि दार कुणाला तरी थांबवते. आजच्या खोलीविषयी लिहिताना तिचे दार कुणाला थांबवते, ते सांगणे समीक्षकाचे काम आहे.

याच शहरात आणखी एका प्रकारच्या छोट्या खोलीत रोज जिवंत संगीत होते : ऑर्केस्ट्रा बार. २००५ साली राज्याने डान्स बार बंद केले, तेव्हा तारांकित हॉटेलांना वगळले होते. हा भेद पुढे न्यायालयातही टिकला नाही, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. ऑर्केस्ट्रा बारमधला किबोर्डवाला रात्रभर न थांबता, कोणत्याही पट्टीत, कुणाच्याही फर्माइशीवर वाजवतो. वाद्यावरच्या हुकमतीत तो क्लबमधल्या अनेकांना सहज मागे टाकील. त्याला आपण इंडी म्हणत नाही, आणि तांत्रिक अर्थाने ते बरोबर आहे, कारण गाणे त्याचे नाही. पण दोघेही ग्लासावर जगतात, एकाला 'कलावंत' आणि दुसऱ्याला 'बारवाला' म्हटले जाते, हा फरक संगीताने केलेला नाही. संगीताचा फरक एवढाच : पहिल्याला फर्माइश नाकारण्याची मुभा आहे. स्वतंत्र गाण्याचे स्वातंत्र्य शेवटी या नकारात आहे, आणि तो नकार कुणाला परवडतो हा प्रश्न त्यातच आहे.

५

या खोल्यांत मराठी किती ऐकू येते? थोडी. इंग्रजी आणि हिंदी अधिक. कारण शोधताना आपण इंग्रजी शाळांकडे बोट दाखवतो. मला दुसरेही एक कारण दिसते : मराठी श्रोत्याला त्याचे मंच आधीच मिळालेले आहेत आणि त्या मंचांवर त्याला ओळखीचेच हवे असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्याच दिवसांत गावोगाव दिवाळी पहाट साजरी होईल. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून आपण नाट्यगृहात किंवा मैदानात बसू आणि जी गाणी पाठ आहेत ती ऐकू. त्यात आनंद आहे, मीही जातो. पण भावगीत जन्माला आले तेव्हा ते पाठ नव्हते. गजानन वाटवे गणेशोत्सवात चौकात उभे राहून कवींच्या नव्या कविता स्वतःच्या चालींत गात, तेव्हा समोरच्या माणसाने ते गाणे पहिल्यांदाच ऐकलेले असे. त्यामागे चित्रपट नव्हता. आजच्या व्याख्येने ते स्वतंत्रच गाणे होते. ज्या भाषेने चौकात अनोळखी गाणे उभ्याने ऐकले, ती भाषा आता खुर्चीत बसून आठवणी ऐकते.

कोकणीने या बाबतीत वेगळी वाट दाखवली होती. क्रिस पेरी आणि लोर्ना कोर्देरो यांनी मुंबईच्या क्लबमधला जॅझचा बाज कोकणी गाण्यात आणला, आणि ती गाणी गोव्याच्या लग्नामंडपांत पोहोचली. बार्द्रॉय बार्रेटो यांचा 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट त्यांच्याच सांगीतिक नात्यावर बेतलेला आहे. क्लबच्या स्वरमेळात आपली बोली बसते, याचा हा पुरावा समुद्राच्या याच काठावरचा आहे.

मराठीत प्रयत्न होत आहेत. 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम यांच्यासह गातो. त्यांची वाट शहाणपणाची आहे : शब्द ओळखीचे, नाद नवा. मृदंगाच्या जागी ड्रम आला तरी वारकरी ठेक्याचा पाया तसाच राहतो, हे त्यांनी नेमके हेरले. पण अशा गाण्याची अर्धी परीक्षा तुकोबांनीच उत्तीर्ण केलेली असते. दुसऱ्या टोकाला 'स्वदेशी' हा बहुभाषी हिप-हॉप समूह आहे. आरेच्या जंगलाविषयीचे त्यांचे 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) हे गाणे प्रकाश भोईर यांच्या सहभागाने झाले. तिथे शब्दही आजचे, आणि प्रश्नही. गिरणगावच्या कलापथकाशी नाते जोडायचेच असेल, तर ते पत्त्यावरून न जोडता अशा गाण्यांवरून जोडावे. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे प्रेमाचे, कंटाळ्याचे, भाड्याच्या खोलीचे, दोन नोकऱ्यांमधल्या रिकाम्या महिन्याचे साधे मराठी गाणे, अजून बरीचशी मोकळी आहे.

६

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी कल्पिल्या : आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. छोट्या क्लबमधले गाणे यांपैकी कुठे बसते? साधने जनसंगीताची आहेत : ध्वनिवर्धक, ध्रुवपद, चार मिनिटांची मर्यादा. श्रोत्याकडून अपेक्षा मात्र कलासंगीताची आहे : गप्प राहा, लक्ष द्या, अनोळखी गोष्टीला वेळ द्या. या ओढाताणीतूनच त्या खोलीतले ताण निर्माण होतात. बारमधला बोलणारा माणूस जनसंगीताच्या नियमाने बरोबर असतो आणि त्याच्याकडे वळून 'शू' करणारी मुलगी कलासंगीताच्या नियमाने. मला त्या मुलीचा पक्ष घ्यावासा वाटतो, पण बिल तो माणूस भरत असतो, हेही विसरता येत नाही.

मराठीला संगीतसमीक्षेची मोठी परंपरा आहे. केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहीत. वामनराव देशपांड्यांनी घराण्यांची सौंदर्यदृष्टी मांडली. या लेखनाने गवयांना शिकवले की नाही, ते सांगता येणार नाही. श्रोत्यांना नक्कीच शिकवले. छोट्या क्लबविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा इंग्रजीत, आणि त्यातही पुष्कळसे कार्यक्रमाआधीचे असते : कोण येणार, किती वाजता, तिकीट कुठे. कार्यक्रमानंतर काय झाले, चाल कुठे अडली, शब्द कुठे उसने वाटले, हे लिहिणारे थोडे. उमेदवाराला नजर लागते, आणि ती नजर आपण देत नाही.

ती देता येते, हे आपल्याला ठाऊक आहे. १९७४ पासून 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू केली. ती जागा गैरसोयीची होती, प्रयोग कच्चे असत, प्रेक्षक मोजके. पण लोक पुन्हा पुन्हा जात, वाद घालत, आणि त्यावर लिहीत. कच्चेपणाकडे पाहण्याची एक शिस्त त्यातून तयार झाली. तिथे ग्लास नव्हता, वयाची पाटी नव्हती, आणि शेवटची लोकल मिळत असे.

म्हणून शेवटी दोन साध्या सूचना. पहिली समीक्षकांना : मंगळवारी जा. उमेदवार मंगळवारी असतात. एकाच गाणाऱ्याला वर्षात तीनदा ऐका आणि तिसऱ्या वेळी लिहा. तोवर काय बदलले, तेच लिहिण्याजोगे असते. दुसरी आपल्या संस्थांना : ग्रंथालयांची, शाळांची, मंडळांची दीडशे खुर्च्यांची सभागृहे संध्याकाळी सहा ते साडेआठ पुष्कळदा कुलूपबंद असतात. एक बरा ध्वनिवर्धक, ऐकू येण्याइतकाच आवाज, शंभर रुपयांचे तिकीट आणि एक अट : गाणे स्वतःचे हवे. सतरा वर्षांची मुले पहिल्या रांगेत बसतील. पहिली काही गाणी आपल्याला आवडणार नाहीत. तरी तिसऱ्या ध्रुवपदापर्यंत थांबावे.